एका प्रवेशाचा व्हिसा

शिंपीमामांना घाई होती, आणि घाईत माणूस नको तिथे शहाणपण करतो. परदेशात मुलाकडे राहणाऱ्या त्यांच्या ताईनं अंथरूण धरलं होतं. आई गेल्यावर या धाकट्याला तिनंच लहानाचा मोठा केला होता. डॉक्टरांनी हात टेकले तसा भाच्याचा फोन आला, "मामा, आता येऊनच जा."

व्हिसाच्या ऑफिसातल्या बाईनं सगळं नीट समजावलं. नुसतं भटकायला जाणाऱ्याचा पर्यटक व्हिसा वेगळा, धंद्याच्या बोलणीसाठी जाणाऱ्याचा वेगळा, वाटेत विमान बदलण्यापुरता ट्रान्झिट वेगळा. मामांना हवा होता तो नातेवाइकांच्या भेटीचा. त्यातही दोन तऱ्हा होत्या. एका प्रवेशाचा लवकर मिळायचा. अनेक प्रवेशांच्याला कागदही जास्त आणि वेळही जास्त.

"एकाच प्रवेशाचा द्या," मामा म्हणाले. "मी काय तिथं रोज ये-जा करणार आहे? ताईच्या उशाशी बसायचं, एवढंच काम."

"पण काका, एकदा त्या देशाबाहेर पाऊल टाकलंत की तो संपला. मुदत शिल्लक असली तरी."

मामांनी मान डोलावली. कपडा आटेल म्हणून सांगितल्यावर गिऱ्हाईक डोलावतं तशी, न ऐकता. डोक्यात राहिली ती फक्त मुदतीची तारीख.

मामा पोचले तेव्हा ताई उशीला टेकून बसली होती. "आलास? मरायला टेकल्याशिवाय भाऊ येत नाही हे आधी कळलं असतं, तर कधीच आजारी पडले असते." मामा हसले आणि मग त्यांना तिच्याकडे बघवेना. गाऊन तिच्या अंगावर नुसता लोंबत होता. त्यांनी सुई-दोरा मागून घेतला आणि तिथंच बसून तो दोन्ही बाजूंनी आत घेतला. पुढच्या आठवड्यात परत घ्यावा लागला.

एकदा भाचा औषधं आणायला गेला असताना ती हळूच म्हणाली, "धाकट्या, मी जाताना माझा हात धरून बस. मला भीती वाटते रे. पोराला सांगू नकोस, तो रडका आहे."

"कुठं जातोय मी?" मामा म्हणाले.

आणि गेलेच. बरं, पाठवलं तिनंच. एका सकाळी तिला जरा हुशारी वाटली. "माझ्या तोंडाकडे बघून तुझं तोंड सुतकी झालंय." मग पोराला म्हणाली, "ह्याला पुलापलीकडचं तळं दाखवून आण रे." तळं शेजारच्या देशात होतं, पण त्या गावच्या लोकांना पूल ओलांडणं म्हणजे गल्ली ओलांडणं. शेजारच्या घरी काम करणारी बाई ताईजवळ बसली. निघताना भाच्यानं विचारलं, "मामा, व्हिसाची मुदत आहे ना?" "भरपूर आहे," मामा म्हणाले. दोघांनीही तारीख बघितली आणि प्रवेशाचा आकडा बघायचं कुणालाच सुचलं नाही. पलीकडच्या नाक्यावर दिवसभराचा शिक्का हसत हसत मिळाला.

परतताना अलीकडच्या नाक्यावरच्या तरुण अधिकारी बाईनं पासपोर्ट उलटसुलट पाहिला. "तुमचा प्रवेश वापरून झालाय."

मामांनी तारखेवर बोट ठेवलं. भाच्यानं आधी वाद घातला, मग हात जोडले. ती बिचारी वाईट वाटून खाली बघत राहिली, पण तिच्या हातात काही नव्हतं. नवा व्हिसा काढा, तोवर पलीकडेच थांबा.

"तू जा," मामा भाच्याला म्हणाले. "तिच्याजवळ कुणीतरी घरचं हवं."

संध्याकाळी भाच्यानं ताईच्या कानाला फोन लावला. "कुठं आहेस रे?" तिचा आवाज पार खोल गेला होता.

आजारी माणसाला कशाला घोर, असं मामांना वाटलं. "खाली गाडीतून उतरतोय ताई. आलोच."

"सावकाश चढ. जिन्यात अंधार आहे."

त्या रात्री ती खालावली. पलीकडच्या गावात लॉजच्या पलंगावर मामा बूटसुद्धा न काढता बसून राहिले. सकाळी नव्या व्हिसासाठी वकिलातीचं दार उघडायच्या आधीच ते पायरीवर हजर होते. तिथंच भाच्याचा फोन आला. तो आधी नुसता रडला.

"शांतपणे गेली का रे?" मामांनी विचारलं.

"हो."

"तू हात धरला होतास ना तिचा?"

"धरू दिला नाही, मामा. काढून घेतला. म्हणाली, धाकटा जिन्यात आहे, हा हात त्याच्यासाठी मोकळा राहू दे."

नाक्यावर अडकलोय, एवढं खरं मामांनी फोनवर सांगितलं असतं, तर तिनं पोराचा हात तरी धरला असता.