पदरचे काही न घालणारा

मित्रांनो, मी एक जुना एन्लार्जर आहे आणि आधीच बजावून ठेवतो, मला कुणाची कीव नको. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की शेवटी रडवेल्या होऊन 'आम्हाला जपा' म्हणतात. मी तसले काही म्हणणार नाही.

एन्लार्जर कसा दिसतो हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. लाकडी पाटावर उभा लोखंडी दांडा, त्यावर वरखाली सरकणारे डोके, डोक्यात दिवा आणि दिव्याखाली भिंग. पूर्वी फोटो आधी फिल्मवर यायचा. फिल्मच्या त्या आगपेटीएवढ्या तुकड्याला निगेटिव्ह म्हणत. तो माझ्या डोक्यात सरकवून दिवा लावला की खालच्या कागदावर मोठे चित्र पडे. डोके जितके वर न्यावे तितके चित्र मोठे, आणि तितकेच फिकेही, कारण उजेड तेवढाच आणि जागा जास्त. मग दिवा जास्त वेळ लावून ठेवावा लागे. घाई करणाऱ्याचे माझ्याशी कधी पटले नाही.

कारखान्यातून मी आलो तो थेट फोटोमामांच्या स्टुडिओत. त्यांना सगळी गल्ली मामा म्हणे, पण खरे मामा ते एकीचेच, बारकीचे. बारकी ही त्यांच्या बहिणीची मुलगी. शाळा सुटली की तिची स्वारी आमच्या डार्करूममध्ये, म्हणजे फोटो तयार करायच्या लाल दिव्याच्या अंधाऱ्या खोलीत, हजर. माझ्याबरोबर एक इंग्रजी माहितीपुस्तक आले होते. मामा ते शब्दकोश उघडून वाचत वाचत इंग्रजी शिकले आणि बारकीलाही त्यांनी तसेच शिकवले. दिवा दाखवलेला कागद औषधाच्या ट्रेमध्ये टाकला की चित्र उमटायला दोन मिनिटे लागत. एका फोटोला एक शब्द, असा त्या खोलीचा नियमच होता.

धंदाच मोठे करण्याचा, तेव्हा शब्दही तसलेच. फोटो मोठा केला तर एन्लार्ज, भिंत पाडून खोली मोठी केली तरी एन्लार्ज. वस्तू खरोखर मोठी झाली पाहिजे. भिंगातून मुंगी पाहिली तर मॅग्निफाय. मुंगी आहे तेवढीच राहते, फक्त डोळ्याला मोठी दिसते. बाही लांब केली तर लेंग्थन, रस्ता रुंद केला तर वाइडन. हात किंवा मुदत पुढे वाढवली तर एक्स्टेंड. तापलेले लोखंड चहूबाजूंनी वाढते ते एक्स्पांड, आणि धंदा पसरला तरी एक्स्पांड. बारकीने एकदा वहीत 'मामाने फोटो एक्स्पांड केला' असे लिहिले, तेव्हा मामांनी विचारले, फोटो काय श्वास घेऊन फुगतो? मामी आपल्या लग्नातले पाहुणे दर वर्षी शंभराने वाढवून सांगत. हे एक्झॅजरेट, असे मामा हळूच म्हणाले आणि हा शब्द घरात वापरू नकोस असेही बजावले.

ते माझे खरे दिवस होते. दुकानादुकानांत, घराघरांत मी मोठे केलेले चेहरे टांगलेले असत आणि लोक भिंतीपुढे उभे राहून वाहवा करत. पुढे कॉम्प्युटर आले. मामी गेल्या, मामांची नजर अधू झाली आणि स्टुडिओ बारकीने हाती घेतला. तिनेही कॉम्प्युटरच आणला आणि माझ्यावर उशीची जुनी खोळ चढली. शेजारचा कॉम्प्युटरवाला तर मला भंगारात काढा म्हणून मागे लागला होता. मला राग आला, आणि तो मी अजून गिळलेला नाही.

एके सकाळी नोटीस आली, इंग्रजीत. रस्ता वाइडन करणार होते. ज्या दुकानांनी मागाहून पुढचा भाग रस्त्याकडे एक्स्टेंड केला होता, त्यांचा तो भाग पाडायचा होता. त्या यादीत आमचेही नाव होते. आमची भिंत तर पहिल्या दिवसापासून तिथेच होती. त्या पुढच्या खोलीत, दाराशी, मामा रोज खुर्ची टाकून बसत. दिसायचे थोडे, पण ओळखीच्या पावलांना हाक मारायचे. ती खोली गेली तर ते बसणार कुठे, हाच बारकीचा घोर होता.

पुरावा एकच होता. स्टुडिओ उघडला त्या दिवशी मामांनी समोरून काढलेला फोटो. त्यात आमची पायरी होती आणि पायरीला जवळजवळ खेटून दिव्याचा खांब. तो खांब आजही तिथेच आहे, पायरीला तसाच खेटून; म्हणजे आमची भिंत पुढे सरकलेली नाही. पण तो तोच खांब कशावरून? खांबावरच्या पत्र्यावर नंबर होता, फोटोत मोहरीएवढा.

आमच्या कॉम्प्युटरला ते जमेना, म्हणून बारकीने तो फोटो शेजारच्या कॉम्प्युटरवाल्याला दिला. त्याच्या यंत्राने चित्र मोठे केले आणि जिथे काही दिसत नव्हते तिथे आपल्या अंदाजाने भरून टाकले. नंबर असा ठसठशीत आला की बारकी हरखली. तिने तो नीट वाचलाही नाही, तशीच कचेरीत घेऊन गेली. अधिकारी बाईंनी मात्र वाचला.

"हा सत्त्याहत्तर नंबर आहे. तुमच्या दारातला खांब सतरा नंबरचा."

बारकीने मुदत एक्स्टेंड करून मागितली. चार दिवस मिळाले.

स्टुडिओत परत येऊन तिने माझ्यावरची खोळ काढली. मामांनी निगेटिव्ह कुठे ते न बघता सांगितले, पहिल्या डब्यातले पहिले पाकीट. पण डोके टोकापर्यंत वर नेले तरी नंबर वाचण्याइतका मोठा होईना. तेव्हा मामा म्हणाले, "तोंड फिरव त्याचं. जमिनीवर पाड चित्र." बारकीने माझे डोके टेबलाबाहेर वळवले आणि कागद फरशीवर ठेवला. मी तोल जाऊन पडू नये म्हणून माझ्या पाटावर दोन विटा आणि तो जाडजूड शब्दकोश चढवला. चित्र इतके फिके पडले की दिवा पावणेदोन मिनिटे चालू ठेवावा लागला. मामांनी सेकंद मोठ्याने मोजले.

कागद ट्रेमध्ये गेला. लाल उजेडात मामांना काहीच दिसत नव्हते.

"शब्द सांग," ते म्हणाले.

"आत्ता?"

"एका फोटोला एक."

"एन्लार्ज," बारकी म्हणाली.

"काय दिसतंय?"

"एक." ती ट्रेवर आणखी वाकली. "सात. पण अंधुक आहे, मामा."

कागद वाळल्यावर तिने हळूच खण उघडला. त्यात फोटो दुरुस्त करायची पेन्सिल असे. नजर गेली तरी मामांचे कान शाबूत होते.

"कोरू नकोस, बारके. आपल्या पदरचं काही घालायचं नाही."

तिने खण लावून टाकला. मित्रांनो, त्या क्षणी माझा वर्षानुवर्षांचा राग थोडा निवला, हे कबूल करतो.

अधिकारी बाईंनी फोटो खिडकीपाशी नेला, टेबलावरचे भिंग घेतले आणि नंबर मॅग्निफाय करून कितीतरी वेळ पाहिला. "अंधुक आहे," त्या म्हणाल्या. "पण सतराच आहे." आणि त्यांनी आमचे नाव यादीतून खोडले.

रस्ता आता रुंद झाला आहे. शेजारच्याचे दुकान सहा फूट मागे सरकले, आमची पायरी होती तिथेच आहे आणि मामा दाराशी बसतात. परवा तोच कॉम्प्युटरवाला आपल्या आजीचा फोटो मोठा करून मिळेल का विचारत आला. म्हणे, यंत्राने केला तर ती दुसरीच कुणी बाई वाटते.

तेव्हा मला जपू नका. खोळ तर मुळीच घालू नका. काम आणा, फिल्म आणा आणि दोन मिनिटे थांबायची तयारी ठेवा. तुमची आजी जशी होती तशीच मोठी करून देईन. अंधुक असेल तर अंधुक.