आईला इग्नोरमध्ये टाकण्याची रीत

मंगळवारी सकाळी माझी आई आमच्या टीममधल्या सगळ्यांच्या घरी एकाच वेळी पोहे करत होती. साताऱ्याला आमच्याकडेही करत होती, त्यामुळे मला काहीच पत्ता नव्हता. मिरजेहून फिरोज तांबोळीचा फोन आला तेव्हा कळलं.

"शर्वरी, मावशी आल्यात," तो म्हणाला. "शेंगदाणे कुठे आहेत विचारतायत."

"फडताळात, वरच्या खणात."

"माझ्या घरात फडताळ नाहीये गं."

"बघ तर."

होतं. शेंगदाणेही निघाले.

घोळ माझ्याच हातून झाला होता. आम्ही घरूनच काम करतो, आणि काम म्हणजे सर्व्हर उभे करणं. हातांनी नव्हे, आम्ही सूचना लिहितो, मशिनं आपली आपण उभी राहतात. सगळ्यांच्या सूचना एका सामायिक जागी असतात, तिला रेपो म्हणतात. एकाने तिथे टाकलं की सकाळी बाकीचे पुल करतात, म्हणजे आपापल्या घरी ओढून घेतात. शिवाय प्रत्येकाची एक लोकल फाइल असते. आपलं मशीन, आपला पासवर्ड, आपल्या घरचं काय काय. ती रेपोत टाकायची नसते, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सोमवारी रेपोत टाकताना मी फायलींची नावं लिहायचा कंटाळा केला आणि नुसतं टिंब दिलं. टिंब म्हणजे इथलं असेल नसेल ते सगळं. आई इथलीच. गेली.

आमचे टीम लीड गुरव सर शांतपणे म्हणाले, "इग्नोर फाइलमध्ये तिचं नाव टाक."

टाकलं. आई माझ्या मागे कधी येऊन उभी राहिली कोण जाणे.

"मला इग्नोर करणार होय गं, ठमे?"

"अगं, तसं नाही. इग्नोर म्हणजे आपलं ते आपल्यापाशीच ठेवायचं. गावभर करायचं नाही."

"मग तसं म्हणा की! इग्नोर कसलं मेलं." आणि तिने चहाचा कप माझ्यापुढे जरा जोरातच आदळला.

उपयोग शून्य. एकदा रेपोत गेलेली गोष्ट इग्नोरमध्ये लिहून परत येत नाही. तिथे आधी लिहायचं असतं. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

बुधवारी कुडाळच्या नाईकने आमटीतली चिंच काढून कोकम घातलं. त्याने बदल रेपोत टाकला, मी पुल केलं, आणि आमच्याकडे आमटी कोकमाची झाली. मुकाट्याने जेवले. मग कुणीतरी तिला ओट्याच्या मापाने उंच केलं. मग कुणाच्या तरी मीटिंगमध्ये आवाज येतो म्हणून तिचं एकटीचं पुटपुटणं बंद केलं. मी जन्मभर त्या पुटपुटण्यावर वैतागत आले. आता घर इतकं गप्प झालं की मी कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्यापाशी जाऊन उभी राहू लागले.

गुरुवारी तिने मला हाक मारली, "बाळा, जेवायला ये."

ठमी मी एकटीच होते. बाळा सगळ्यांनाच चालण्यासारखं होतं. मी सरळ गुरव सरांना फोन लावला.

"सर, मला माझी आई पाहिजे. कोकमाची नको."

"सोमवारची परत आणता येईल," ते म्हणाले. "रेपोला सगळं आठवतं. आधी तिला परत आण, मग रेपोतून काढ. नुसतं काढू नकोस हं, नाहीतर तुझ्याकडूनही जाईल. घरातली राहू दे, असं रेपोला स्पष्ट सांग. इग्नोरमध्ये नाव आहेच."

"मग झालं?"

"झालं. पण एक ध्यानात ठेव. त्यानंतर तिच्यावर रेपोची नजर नसेल. ती कुठे गेली, कशी गेली, याची नोंद कुठेच राहणार नाही. हरवली तर मला फोन करू नकोस."

"माझी आई आहे ती, सर. कुठे हरवतेय!"

दोनदा तपासून मी एंटर दाबलं. स्वयंपाकघरातून पुटपुटणं सुरू झालं. मग आवाज आला, "ठमे, गॅस बारीक कर गं, माझे हात भरलेत!" मी गॅस बारीक केला आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून चक्क रडले. "काय झालं गं येडे," ती म्हणाली, आणि भरलेल्या हातांनीच मला ढकललं.

हळूहळू सगळ्यांनी पुल केलं. नाईकचा फोन आला. "गेली गो तुझी आवस," तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

फिरोजचा आला नाही. मीच लावला. त्याची अम्मी मागच्या थंडीत गेली. तेव्हापासून तो सकाळचं काहीच खात नव्हता, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी पुल केलेलं नाही," तो म्हणाला.

"कधीतरी करावंच लागेल रे."

"माहितीये." मागे भांडी वाजत होती. "शर्वरी, रागावणार नसशील तर विचारतो. पुल करायच्या आधी मी मावशींना माझ्या इग्नोरमध्ये टाकू? दुसऱ्या नावाने. रेपोत जाणार नाहीत, शपथ. माझ्याच घरी राहतील."

मला हो म्हणवेना आणि नाही तर अजिबातच म्हणवेना. आई दारात उभी राहून ऐकत होती.

"विचारतोय काय तो?" ती म्हणाली. "टाक म्हणावं."

"टाक," मी म्हटलं.

त्याने काय नाव दिलं ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. फोनवर नुसती टाइप केल्याची टकटक ऐकू आली, मग एंटर.

"आले रे, आले," आई म्हणाली आणि तिने पदराला हात पुसले.

"कुणाला म्हणतेस?" मी विचारलं.

ती दाराशी वाकून चपला शोधत होती.