एकतीस टक्के

रॉइसला हल्ली गांजाच्या तुऱ्याचा वास घ्यायचा म्हटलं की जिवावर यायचं. बरणी उघडायच्या आधीच त्याला नशेचा आकडा हवा. पोटचा पोर, पण वागायचा असा की व्हर्लाला वाटे, याला कुठल्या बाजारातून उचलून आणला की काय.

पोलिसांची हेलिकॉप्टरं डोक्यावर घिरट्या घालायची, त्या काळात झग्याच्या काठात बी शिवून तिनं हा वाण जगवला होता. आता हम्बोल्टच्या डोंगरात गांजा कायदेशीर झाला आणि मालात नशा किती टक्के, हे सांगणाऱ्या लॅबच्या कागदावर भाव ठरू लागला. तिचा माल निघाला अठरा टक्क्यांचा. युरेका गावातल्या दुकानदारानं झाकणही न उघडता तो खालच्या फळीवर पडेल भावात टाकला.

"व्हर्लाबाई, गिऱ्हाईक टक्का बघतं. तिसाच्या खाली कुणी हात लावत नाही."

"मग तू वाइन कशाला पितोस रे? स्पिरिटच पी की!"

दुकानदार हसला. भाव तसूभर हलला नाही.

यंदा मात्र रॉइस नाचत घरी आला. एकतीस टक्के! माल वरच्या फळीवर, दुप्पट भावात, लेबलावर व्हर्लाचं नाव. झाडानं म्हातारपणी आपला मान राखला, असं तिला वाटलं. दुकानदाराला तिनं फोनवर चार शब्द ऐकवलेही.

मग शेजारची ओपल आली. हाडांत कॅन्सर शिरलेली, याच गांजाच्या आधारानं झोपणारी. शेतावरून विकायला कायद्यानं बंदी, म्हणून तीही दुकानातूनच घ्यायची.

"एकतीस वाचलं अन् भ्याले गं. नेहमीच्या निम्माच ओढला. पहाटेपर्यंत कण्हत होते. तुझं नाव होतं ना त्यावर, मी कशाला शंका घेऊ?"

व्हर्ला तडक वाळवणीच्या शेडमध्ये गेली. "लॅबला काय दिलंस?"

"तुरे."

"नुसते?"

रॉइसनं मान खाली घातली. "तुरे चाळले की खाली पडते ना, ती जास्त नशेची भुकटी चोळून दिले. सगळेच देतात, आई. अठरावर हे शेत टिकतं का, तूच सांग."

टिकत नव्हतं. पलीकडच्या उतारावरची शेतं एकेक करून ओस पडलेली ती रोज बघत होती. ती पालथ्या बादलीवर बसली.

"शेत जायचं तर जाऊ दे," ती म्हणाली. "उद्या सगळा माल परत आण, आणि ओपलच्या दारात उभा राहून तिला खरा आकडा सांग. बी तुला मिळायचं नाही, ते माझ्याबरोबर संपेल. अरे, तू नुसता कायदा मोडला असतास तर मी तुला पोटाशी धरला असता, आम्ही जन्मभर तेच केलं. तू कण्हणाऱ्या बाईला माझ्या नावानं फसवलंस."