हर्बर्टचा अबोला

थेल्मा आपली वाक्यं पळवते आहे, अशी लायनेल ऑर्मरॉडची खात्री झाली ती मँचेस्टरच्या स्टुडिओतल्या कँटीनमध्ये, मटणाच्या पॅटिसचा दुसरा घास तोंडात असताना. मालिकेच्या पुढच्या भागाची संहिता नुकतीच हातात पडली होती. मुलीच्या लग्नातलं भाषण, जे बापाने, म्हणजे लायनेलच्या पात्राने, करायचं, ते आईच्या तोंडी घातलेलं होतं. आणि आईचं काम थेल्मा करत होती.

लायनेल बर्नलीच्या एका विणकराचा मुलगा. तरुणपणी गावोगावच्या नाटक कंपन्यांतून हिंडला, थंडगार खोल्यांत भाड्याने राहिला. टीव्हीवर आला तो मुडदा म्हणून. पोलिसी मालिकांत कालव्यातून बाहेर काढायला कुणीतरी लागायचंच. मग ‘गार्थ लेन’ नावाच्या मालिकेत त्याला मासे-चिप्सच्या दुकानाचा मालक हर्बर्ट मिळाला. काम दोन-चार भागांचं होतं. पण गिऱ्हाइकांना तोडून बोलणारा हर्बर्ट लोकांना असा काही आवडला की वीस वर्षं झाली तरी तो काउंटरमागून हलला नव्हता. बसमध्ये लोक ओरडायचे, “हर्बर्ट, व्हिनेगर जरा सढळ हाताने!” बायको सोडून गेली तेव्हा म्हणाली होती, “मी लग्न लायनेलशी केलं होतं. घरी मात्र रोज हर्बर्ट येतो.”

हर्बर्टच्या बायकोचं, पर्लचं काम पहिल्यापासून थेल्मा ग्रिमशॉकडे. इतकी वर्षं दोघं एकाच खोट्या स्वयंपाकघरात भांडत आली होती. आणि आता ही!

“भाषण तुझ्याकडे कसं गं आलं?” त्याने विचारलं.

“मला काय ठाऊक? लेखकांना विचार.” थेल्मा चहात साखर ढवळू लागली. ती चहात साखर घेत नसे. लायनेलने ते पाहून ठेवलं.

तसं बरंच काही त्याने पाहून ठेवलं होतं. तो रंगपटात शिरला की बोलणी थांबायची. निर्माती फेनेला क्रॉस आणि थेल्मा जिन्याखाली कुजबुजताना दिसायच्या. एरवी खेकसणारे लोक हल्ली “बरं आहे ना, लायनेल?” असं मधाळ विचारायचे. या धंद्यात लोक गोड वागू लागले की समजावं, शवपेटीचं माप चाललंय. गार्थ लेनमधल्या नकोशा झालेल्या पात्रांपैकी एकजण दुधाच्या गाडीखाली गेला होता, दोघांना कॅनडाला पाठवून दिलं होतं आणि पुन्हा त्यांचं नावही कुणी काढलं नव्हतं.

तो थेट फेनेलाच्या खोलीत गेला. “मला मारायचं ठरलंय का?”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे तर! हे बघा बाई, मुलीच्या लग्नात बाप बोलतो. ते भाषण मला हवं.”

फेनेलाने संहितेवरचं पर्लचं नाव खोडलं. मग म्हणाली, “बरं. घ्या तुम्ही.”

भांडायच्या तयारीने आलेल्या माणसाला इतक्या सहज मिळालं की त्याचा संशय वाढलाच. यात काय डाव असेल, हे घोकत तो घरी गेला. भाषणही घोकलं.

चित्रीकरणाच्या दिवशी दिव्यांच्या उष्णतेने टेबलावरची सँडविचं वाळून गेली होती. लायनेल पेला घेऊन उभा राहिला. पहिलं वाक्य झोकात गेलं. त्यापुढे काहीच नव्हतं. विसरलेलं वाक्य निदान जिभेच्या टोकाशी घोटाळतं. इथे जागाच रिकामी होती.

तोच थेल्माने त्याची बाही ओढली आणि पर्लच्या कर्कश आवाजात म्हणाली, “अरे, पोर झाली त्या दिवशी पिठाचं घमेलं सांडलंस ते सांग की!”

त्याने सांगितलं. पुन्हा अडला. “आणि जावयाला काय दम देणार होतास?” तोही दिला. मंडळी हसली आणि प्रसंग झकास पार पडला. चित्रीकरण कुणी थांबवलं नाही. कुणाला नवलही वाटलं नाही. कॅमेरावाल्याने तर थेल्मा तोंड उघडायच्या आधीच कॅमेरा तिच्याकडे वळवला होता, रोजची सवय असावी तसा. लायनेलने तेही पाहून ठेवलं.

तो तिच्या खोलीत गेला. “मी असा अडतो, हे कधीपासून चाललंय?”

“ईस्टरपासून.”

“सगळ्यांना माहीत आहे?”

“चहावाल्या बाईसकट.”

“मला सोडून!”

“तू विचारलंस कधी? मला चोर ठरवून मोकळा झालास.” थेल्मा टोपीची पिन काढत होती. “फेनेला तुला काढायला निघाली होती. मी म्हटलं, त्याची लांब वाक्यं मला द्या, पण त्याला राहू द्या.”

“माझ्यासाठी?” त्याने डोळे बारीक केले.

“निम्मं तुझ्यासाठी. तू गेलास की पर्ल विधवा. विधवा बाईला हे लोक किती दिवस ठेवतील? मलाही कॅनडाच.”

लायनेल हसला, कितीतरी आठवड्यांनी. पूर्ण चांगुलपणावर त्याचा विश्वास बसला नसता. निम्म्यावर बसला.

मग तो डॉक्टरांकडे गेला. त्यांनी या विसरण्याच्या दुखण्याचं नाव सांगितलं आणि ते वाढतच जाणार हेही सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तो फेनेलाकडे गेला. “भर लग्नात पर्लने मध्ये तोंड घातलं. हर्बर्ट रुसलाय. आता तो बायकोशीच काय, कुणाशीच बोलणार नाही.”

“किती दिवस?”

“जमेल तितके.”

तो अबोला वर्षभर चालला. लायनेल झाऱ्याने बोलला, दार आपटून बोलला, पर्लने पुढे केलेली बशी बोटभर मागे सारून बोलला. बाजारात बाया थेल्माला अडवायच्या, “तूच आधी बोल गं बाई, असं काय करतेस!” समीक्षकांनी त्याच्याबद्दल पहिल्यांदाच बरं लिहिलं. ते वाचून तो थेल्माला म्हणाला, “यांना माझ्या दुखण्याचं कुणी सांगितलं तर नाही ना?”

“नाही रे बाबा.”

“शपथ घे.”

तिने घेतली. तरी त्याने तिला ती पुन्हा एकदा घ्यायला लावली.

पुढे खोट्या दुकानाचं कुठलं दार गल्लीत उघडतं, तेच त्याला कळेना. तेव्हा त्याने आपणहून काम सोडलं. समुद्राकाठी साउथपोर्टला म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात त्याची सोय झाली. पर्ल दुकान चालवत राहिली. तिला कुणी कॅनडाला पाठवलं नाही.

थेल्मा दर रविवारी जायची. कधी तो ओळखायचा, कधी ही बाई कुणी धाडली म्हणून तिरक्या नजरेने बघत बसायचा. अशा दिवशी ती नाव सांगत बसत नसे. दोन कपांत चहा ओतायची आणि गप्प राहायची. तो दोन्ही कप निरखायचा. तिने तिच्या कपातला घोट आधी घेतल्याशिवाय तो आपला कप तोंडाला लावत नसे.