गुडघाभर पाणी

चष्मेवाल्यानं भिंतीवरच्या नकाशाला जवळजवळ नाक टेकवलं आणि तलावाच्या निळ्या चौकोनात बोट फिरवत आकडा शोधला. खोली : दोन फूट. त्यानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. दुसऱ्यांच्या डोळ्यांचे नंबर काढण्यात त्याचा जन्म गेला होता; आपल्याच डोळ्यांवर शंका घ्यायची वेळ आज पहिल्यांदा आली. आकडा दोनच होता.

"साहेब, इथं चूक झालीय," तो नगरपालिकेच्या इंजिनिअरला म्हणाला. "पाच फूट ठरले होते ना?"

"काका, बसा ना तुम्ही. सभा सुरू होतेय."

इंजिनिअर तरुण होता, पण ताकास तूर लागू न देण्याची विद्या या नोकरीत लवकर येते.

गावात चष्मेवाल्याला लोक 'तलाववाले काका' म्हणत. नऊ वर्षांपूर्वी त्याची एकुलती एक मुलगी नदीत बुडाली, आणि तेव्हापासून तो नगरपालिकेच्या मागे लागला होता : गावाला पोहण्याचा तलाव हवा, पोरांना शिकवायला माणूस हवा. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. त्याच्या नशिबी नऊ वर्षं आली. निधी एकदा आला तो रस्त्यात गेला, दुसऱ्यांदा आला तो चौकातल्या कारंज्यात गेला, आणि कारंजं तर आठवडाभरही उडालं नाही. तरी हा दर सभेला उठायचा आणि तेच म्हणायचा, "माझ्या पोरीला पोहता येत असतं तर ती आज असती." सुरुवातीला ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. पुढे पुढे लोक घड्याळाकडे बघू लागले. दुसऱ्याच्या दुःखाला लोक तरी किती दिवस पुरणार?

नगराध्यक्षा बाई आराखडा वाचू लागल्या. चालायला पट्टा, म्हाताऱ्यांना बाकं, व्यायामाची यंत्रं आणि मुलांसाठी उथळ पाण्याचा तलाव.

"आपल्या काकांच्या घरी जे झालं, ते पुन्हा कुणाच्या घरी होऊ नये," त्या म्हणाल्या. "म्हणून पाणी गुडघ्याच्या वर ठेवलेलंच नाही."

टाळ्या वाजल्या. चष्मेवाल्याच्या अंगाची लाही लाही झाली. आपल्याच लेकीचं निमित्त करून आपल्याच तोंडाला पानं पुसायची, म्हणजे कमाल झाली. गुडघाभर पाण्यात पोरं शिकणार काय, कपाळ?

"कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा," बाई म्हणाल्या.

तो उठला. मागच्या रांगेत कुणीतरी उसासा टाकला. पण त्याला माहीत होतं, आज त्यानं नाही म्हटलं तर आराखडा मागे फिरेल. तलावाच्या बाबतीत त्याचा शब्द खाली पाडायला कुणाचं तोंड नव्हतं.

इंजिनिअर लगबगीनं त्याच्याजवळ आला आणि कानाशी वाकला.

"काका, हे दोन फूट बाईंच्या डोक्यातले नाहीत. काकू आल्या होत्या ऑफिसात. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या."

"आमची ही? तिला तलावातलं काय कळतंय?"

इंजिनिअर घुटमळला. "म्हणाल्या, ज्याला अजिबात येत नाही तो काठावरच थांबतो. ज्याला थोडं थोडं येतं तोच पुढे जातो. आमची पुढे गेली."

चष्मेवाल्यानं पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

मुलीला पोहता येत होतं. थोडं थोडं. रविवारी सकाळी दूध आणायच्या निमित्तानं तो तिला नदीवर न्यायचा, पोटाखाली हात धरून शिकवायचा. एका रविवारी त्यानं हळूच हात काढून घेतला आणि ती आपली आपण तरंगत पुढे गेली. आई पाण्याला भ्यायची, म्हणून आईला कळू द्यायचं नाही, असं बापलेकीचं ठरलं होतं. मग एक दिवस ती मैत्रिणींबरोबर गेली. त्यानंतर तो सभेत जे बोलायचा ते बोलून बोलून त्याचं त्यालाच खरं वाटू लागलं होतं. बायको दर सभेला भिंतीशी बसून ऐकायची. आज तेवढी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिली होती.

"बोला काका," बाई म्हणाल्या.

सगळे त्याच्याकडे बघत होते. तो नकाशाकडे बघत होता.

"काही नाही," तो म्हणाला. "बाकं तेवढी सावलीत ठेवा. म्हाताऱ्या माणसांना ऊन बाधतं."

आणि तो खाली बसला. आराखडा मंजूर झाला. बाहेर पडताना कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली, "काका, गंगेत घोडं न्हालं एकदाचं." तो हसला. हसावंच लागलं.

घरी बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. डोकं बिकं काही दुखत नव्हतं.

"झालं मंजूर?"

"झालं."

"काही बोललात?"

"नाही."

तिनं सदऱ्याची बाही दुमडली, पुन्हा सोडली, पुन्हा दुमडली.

"त्या इंजिनिअरनं सांगितलं वाटतं."

"हं."

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. बायकोकडे बघायची लाज वाटत होती.

"तुला कधी कळलं?" त्यानं विचारलं. "ती गेल्यावर?"

"अहो, दूध आणायला गेलेली पोर ओल्या केसांनी घरी यायची. आईला कळायला आणखी काय लागतं?" तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही आंघोळीला गेलात की मागच्या दारी बसवून मीच पुसून द्यायचे. म्हणायची, आई, आज दहा हात गेले. तुला हे माहितीय असं बाबांना सांगू नकोस हं, त्यांची गंमत जाईल."

ती थांबली. हातातला सदरा तिनं मांडीवर ठेवला.

"एवढी खुशीत असायची हो. नको जाऊस म्हणायला माझी जीभच रेटली नाही."