म्हशीचा रेडिएटर

गाडीला घरात सगळे ‘म्हैस’ म्हणायचे. रंगाने काळी, अंगाने आडवी, आणि एकदा चिखलात उभी राहिली की हलायला नाखूष. वय अठरा वर्षं. त्यातली पहिली चौदा वर्षं ती सासूबाईंकडे होती. सासूबाई म्हणजे बावीस वर्षं रुग्णवाहिका चालवून निवृत्त झालेली बाई. पुढे त्यांनी म्हैस लेकीला देऊन टाकली, कारण लेक गुरांची डॉक्टर, आणि तिची निम्मी गुरं डोंगरावर. लग्न झालं तेव्हा जावई छातीठोकपणे म्हणाला होता, “गाडीचं मी बघतो. तू गुरं बघ.”

जावई शाळेत भूगोल शिकवायचा. गाडीचं बघणं म्हणजे रविवारी तिला आंघोळ घालणं, चाकांत हवा भरणं आणि रेडिएटरमधलं पाणी कमी झालं की नळाचं पाणी ओतणं, अशी त्याची समजूत होती. उन्हाळ्यात पाणी दर आठवड्याला कमी व्हायला लागलं, तेव्हा तो दुकानातून गळती बंद करणाऱ्या पावडरीचा डबा घेऊन आला. एका डब्याने भागलं नाही, म्हणून आठवड्याभराने दुसरा ओतला. गळती थांबली. “काढली गळती,” असं त्याने बायकोला सांगितलं. कशी काढली, ते तिने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

मंगळवारी डोंगराच्या चढावर म्हशीचा काटा लाल पट्टीत गेला आणि बॉनेटमधून वाफेचे लोट निघाले. डॉक्टरीणबाईंकडे बर्फाच्या पेटीत दोनशे गुरांच्या लशी होत्या. नशिबाने मागून दुधाचा टँकर आला. पेटी मांडीवर घेऊन ती त्यात बसली, लशी टोचून आली आणि घरी पोचल्यावर तिने आईला फोन लावला. नवऱ्याला नाही, आईला. जावयाला ते चांगलंच लागलं, पण बोलणार कोणत्या तोंडाने?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने सासूबाई उतरल्या. एका हातात हत्यारांची पेटी, दुसऱ्या काखेत गुडघ्याखाली घ्यायची उशी.

“या जावईबापू,” त्या म्हणाल्या. “शाळेला सुट्टी टाकलीत ना? मग बाह्या सरसावा.”

म्हैस रात्रीच ट्रॅक्टरमागे ओढून अंगणात आणली होती, त्यामुळे रेडिएटर गार होता. त्यांनी तो पाण्याने भरला, इंजिन सुरू केलं आणि काटा मध्यावर येईतो बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या. नाडी बघावी तशा. मग जाड कापडातून आधी वरचा रबरी पाइप चाचपला, मग खालचा.

“धरून बघा.”

जावयाने धरला. वरचा चटका देत होता, खालचा पार थंड.

“पाणी आत जातंय, पण पलीकडून येत नाहीये,” सासूबाई म्हणाल्या. “रेडिएटर तुंबलाय.” इंजिन बंद करून त्यांनी पंपाची चकती दोन बोटांनी हलवली. ती पडायला आलेल्या दातासारखी डुलली. “हाही गेलाय. पंप, रेडिएटर, थर्मोस्टॅट, दोन्ही पाइप, बेल्ट, झाकण. लिहून घ्या.”

“सगळंच बदलायचं?”

“सगळे एकाच वयाचे आहेत हो. आज एकालाच बदललं, तर पुढच्या महिन्यात दुसरा चढावर बसेल आणि माझी लेक परत दुधाच्या टँकरवर.”

तो सामान घेऊन आला, तोवर इंजिन निवलं होतं. सासूबाईंनी खालची चावी सोडून पाणी घमेल्यात काढलं. पाणी कसलं, गढूळ लाल काढाच तो. तो त्यांनी लगेच डब्यात भरून झाकण घट्ट लावलं. “यात इंजिन गार ठेवायचं कूलंट आहे. चवीला गोड असतं. शेजारचं मांजर प्यायलं तर जिवाला मुकेल.” मग पंख्याचं आवरण, पाइप, चार बोल्ट, आणि दोघांनी मिळून जुना रेडिएटर अंगणात आडवा केला. सासूबाईंनी त्याच्या तोंडात बोट घातलं. बाहेर काढलं तेव्हा बोटावर करडा, चिकट गाळ होता. त्यात बारीक चकचकीत कण. त्यांनी तो चिमटीत चोळला आणि वास घेतला.

पावडरीचे ते चकचकीत कण जावयाने ओळखले.

नेमकी तेव्हाच बायको चहा घेऊन बाहेर आली. “काय सापडलं गं आई?”

“गाळ,” सासूबाईंनी बोट फडक्याला पुसलं. “जुन्या गाडीत साठतो. चहात साखर कमी घातलीस ना?”

त्यांनी जावयाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याचे मात्र कान तापले.

पंपाचा शेवटचा बोल्ट गंजून बसला होता. जावयाने पाना लावून सगळा जोर काढला.

“थांबा, थांबा! डोकं तुटून हातात येईल.” सासूबाईंनी तेल सोडलं, हातोडीने बोल्टच्या डोक्यावर हलकेच टकटक केलं आणि चक्क दहा मिनिटं उशीवर बसून राहिल्या. मग पाना उलटा धरला. “आधी जरासा आवळायचा. गंजाची पकड सुटते. आता सोडायचा.” थोडा आवळला, थोडा सोडला, पुन्हा आवळला. कुठेतरी बारीकसं करकरलं आणि बोल्ट लोण्यातून यावा तसा फिरत बाहेर आला. त्या हातांत जोर असा नव्हताच. घाई नव्हती, एवढंच. वर्गातल्या हूड पोरांशी आपण असं कधी वागलो का, असं जावयाच्या मनात येऊन गेलं.

बायको आत गेली होती. तो खाली बघत म्हणाला, “आई, ती पावडर मी घातली होती. दोन डबे.”

“कळलं मला. एका डब्यात एवढा गाळ होत नाही.”

“मग तिच्यासमोर बोलला का नाहीत?”

“तुमचं तुम्ही सांगायचं. मी कशाला मध्ये पडू?” त्या पंपामागे चिकटलेला जुन्या गॅस्केटचा थर खरवडत होत्या, हात थांबला नाही. “नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी रेडिएटरचं झाकण अर्धवट लावलं होतं. भर रस्त्यात गाडी उकळली. मागे बाळंतपणाची बाई. बाळ तिथेच झालं, नर्सच्या हातावर. दोघं वाचली. त्यानंतर मी मेकॅनिकच्या मागे लागून सगळं शिकले. लाज वाटून घ्या, पण ती कामाला लावा. हं, पाइप धरा.”

त्याने पाइप धरला, आणि दिवसभर त्या जे सांगतील ते धरलं. इंजिनात त्यांनी नळाचा होस सोडला आणि पाणी निवळ होईपर्यंत तासभर धुतलं. नवा थर्मोस्टॅटही त्यांनी थेट बसवला नाही. दोऱ्याला बांधून गॅसवरच्या भांड्यात सोडला. पाणी तापलं तशी ती छोटीशी पितळी झडप हळूच उघडली. भूगोलाचे मास्तर शाळकरी पोरासारखे भांड्यावर वाकून बघत राहिले.

ऊन कललं तेव्हा, आत अडकलेली हवा निघून जावी म्हणून, म्हैस नाक वर करून उतारावर उभी होती. कूलंट भरलं, हीटर पूर्ण सोडला, इंजिन सुरू झालं. सासूबाई वरचा पाइप दाबत होत्या, सोडत होत्या. बुडबुडे यायचे, कूलंट खाली जायचं, जावई वरून ओतायचा. बुडबुडे थांबले, तेव्हा त्यांनी झाकण लावलं आणि त्याला म्हणाल्या, “तुम्ही एकदा बघा, नीट बसलंय का.”

मग चढावरची परीक्षा. बायको चालवत होती, सासूबाई शेजारी, जावई मागे. काटा मध्यावर आला आणि तिथेच चिकटला. वळणामागून वळणं गेली. काल गाडी उकळली ती जागा मागे पडली, तसा जावयाने घसा खाकरला आणि सगळं सांगून टाकलं.

बायकोने आरशातून मागे पाहिलं.

“दोन डबे?”

“दोन.”

“आणि आई, तुला माहीत होतं?”

“मला रेडिएटर माहीत होता,” सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

बायकोला हसू आवरेना. रागही होताच, तो तिने गिअर बदलताना काढला. “मला सांगितलं असतंस, तर मी तेव्हाच आईला बोलावलं असतं. पुढच्या वेळी डबा उघडायच्या आधी तोंड उघड.”

“उघडेन,” तो म्हणाला.

डोंगरमाथ्यावर सपाट जागा बघून त्यांनी गाडी उभी केली. इंजिन निवल्यावर पाइपांच्या क्लिपा पुन्हा आवळायच्या होत्या. रबर तापलं की पहिल्या फेरीत जरा बसतं. सासूबाईंनी स्क्रूड्रायव्हर काढून जावयाच्या हातात दिला आणि स्वतः लेकीबरोबर दगडावर जाऊन बसल्या. पलीकडच्या उतारावर गुरं चरत होती, त्यातली लशीची कोणती ते लेक दाखवत होती.

इंजिन निवलं, तसा जावई बॉनेटखाली वाकला. पहिली क्लिप त्याने आधी नुसती चाचपली, मग पाव वेढा फिरवली आणि थांबला. अजून लागेल का? त्याने वळून पाहिलं. सासूबाई गुरांकडे बघत होत्या, याच्याकडे पाठ करून. त्याने पाइप बोटांनी हलवून बघितला. हलला नाही. मग तो दुसऱ्या क्लिपेकडे वळला.