त्याला सांग

"बयो, त्याला सांग, हॉटेलवाल्यांना बाकं उद्याच हवीत."

त्याला म्हणजे धाकट्याला. धाकटा तेव्हा दादापासून फार तर तीन हातांवर उभा राहून लाकडी सांगाड्यावर पट्टे ताणत होता. त्याला ऐकू गेलं होतं. दादाचा आवाज समोरच्या न्हाव्यालाही ऐकू जातो. तरी मी मशीन थांबवलं, मान वळवली आणि म्हटलं, "बाकं उद्या हवीत म्हणे."

"ताई, त्याला सांग, फोम आणलाच नाही तर आत काय हवा भरू?"

मी पुन्हा मान वळवली. "फोम कधी येतोय, असं विचारतोय."

आमचं सोफे-खुर्च्यांचं दुकान. कोणी विचारलं तर मी कव्हरं शिवते असं सांगते आणि ते खोटं नाही. पण दिवसाचं निम्मं काम हे असं चालतं. एकाकडून उकळतं घ्यायचं आणि दुसऱ्याला कोमट करून द्यायचं. दादा थोरला, मी मधली आणि हा धाकटा. पुढच्या खोलीत दादा गिऱ्हाईक बघतो, मापं घेतो. मागच्या खोलीत धाकटा जुनं उसवतो, नवं बांधतो. दोन्ही खोल्यांच्या मध्ये बिनदाराची चौकट आहे आणि त्या चौकटीतच माझं मशीन. उजेड चांगला येतो म्हणून वडिलांनी ते तिथं ठेवलं होतं. आपल्या पाठीमागे त्या जागेवरून कसली वाहतूक होणार आहे, हे त्यांना माहीत असतं तर त्यांनी ते छपरावर नेऊन ठेवलं असतं.

अबोला धरला त्याचं कारण सांगायलाही लाज वाटते. एका बड्या गिऱ्हाइकानं मागच्या खोलीकडे बोट दाखवून विचारलं, "हे कोण?" दादा म्हणाला, "आपला कारागीर. हात सोन्याचा आहे." भाऊ म्हणाला नाही, कारागीर म्हणाला. धाकट्यानं हातोडी खाली ठेवली ती दुसऱ्या दिवशी उचलली, पण तोंड काही उघडलं नाही. दादानं मला सांगितलं, "अगं, मी कौतुकानं म्हटलं." मी ते धाकट्याला सांगितलं. धाकटा म्हणाला, "त्याला सांग, कौतुक करायचं तर नातं सांगून कर." मी ते दादाला सांगितलं. तेव्हापासून मी सांगतेच आहे. किती वर्षं झाली हे मोजणंही मी सोडून दिलंय.

मी काही हातावर हात ठेवून बसले नव्हते. चारचा चहा तिघांनी कापड बेतायच्या टेबलावर एकत्र घ्यायचा, असा नियम केला. दादा छताकडे बघत चहा प्यायचा, धाकटा कपात बघत, आणि मी एकटी रेडिओसारखी वाजत असायची. मग भिंतीवर फळा लावला. ज्याला जे कळवायचं ते त्यावर लिहावं, दुसऱ्यानं वाचावं, माझ्या तोंडाला विश्रांती. पहिल्याच दिवशी दादानं ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'बयो, त्याला सांग, डॉक्टरांचा कोच आधी.' खाली धाकट्याचं अक्षर होतं, 'ताई, त्याला सांग, वाचलं.' हसावं की रडावं मला कळेना. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं यालाही काही हद्द असते. फळा काढून मी त्याच्यावर इस्त्री ठेवायला लागले.

अशात माझ्याकडे एक काम चालून आलं. आमच्या दुकानात खुर्च्या दुरुस्तीला द्यायला येणाऱ्या एक बाई शिवणवर्ग चालवतात. त्यांनी माझी शिवण उलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "तुम्ही आमच्या मुलींना शिकवाल? रोज दुपारी. एक दिवस येऊन बघा, मग सांगा." मला लगेच हो म्हणावंसं वाटलं. मी दोघांना विचारलं, अर्थात वेगवेगळं. दादा म्हणाला, "जा की! तुला कोण अडवतंय?" धाकटा म्हणाला, "जा ताई, दुपारी असं काय काम असतं?" दोघांचं एकमत झालेलं बघून मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पहिली दुपार कशी गेली ते मलाच कळलं नाही. मुलींना कोपऱ्यात कडेचा गोट वळवता येत नव्हता. मी कापडाला आतून बारीक काप देऊन दाखवला, तर सगळ्या माझ्याभोवती गोळा झाल्या. "बाई, पुन्हा दाखवा ना." "बाई, असंच का?" मला काय माहीत आहे, हे मला इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. इतक्यांदा तोंड उघडूनही त्या दुपारी मी दुसऱ्या कोणाचं एक वाक्य बोलले नाही. मी खूश होते. उद्या हो सांगायचं, हे वर्ग सुटायच्या आतच ठरलं होतं.

बाहेर पडून पर्समधला फोन काढला तर दादाचे कॉलच कॉल. मला वाटलं, आग लागली. घाईनं उलट फोन लावला.

"आता काय उपयोग?" दादा ओरडला. "फाडून झालं!"

"काय फाडून झालं?"

"त्या म्हाताऱ्या नवरा-बायकोची खुर्ची! कापडाला हात लावायचा नव्हता, नुसत्या स्प्रिंगा बदलायच्या होत्या. म्हातारबुवांना दिसत नाही, ते हातानं चाचपून खुर्ची ओळखतात. त्यांच्या बायकोनं बजावून सांगितलं होतं. आणि यानं टराटरा सगळं उसवलं!"

"त्याला सांगितलं नव्हतंस?"

"तू आलीस की सांगणार होतो."

"उसवत होता तेव्हा तू कुठं होतास?"

"इथंच. चौकटीत. डोळ्यांसमोर!"

"मग थांब का नाही म्हणालास?"

"अगं, तुला फोन लावत होतो ना!"

रस्त्यातच मी फोन कानापासून लांब धरला. एक शब्द. थांब. गल्लीतल्या कुत्र्यालाही आपण तो शब्द सहज बोलतो. दुकानापर्यंत जाताना मी काय काय बोलायचं ते मनात तयार करत होते आणि या खेपेला काहीही कोमट करणार नव्हते.

आत शिरले तर दोघं खुर्चीच्या दोन बाजूंना उभे. मधे तिचा उघडा सांगाडा, खाली कापडाचे तुकडे.

"फोन पर्समध्ये कशाला ठेवायचा माणसानं?" दादा म्हणाला.

"तेच म्हणतो मी," धाकटा म्हणाला. "ताई इथं असती तर हे झालंच नसतं, दादा."

दादा. हा शब्द त्या तोंडातून मी शेवटचा कधी ऐकला होता आठवत नाही. बोलले! एकमेकांशी, समोरासमोर बोलले! आता सुटले मी, असं वाटलं आणि पाठोपाठ लक्षात आलं की ते काय बोलले होते.

"दुपारचं जाणं बंद करायला पाहिजे तिचं," दादा त्याला म्हणाला.

"हो ना. धंद्यापेक्षा शिकवणी मोठी आहे का?" धाकटा त्याला म्हणाला.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो असंही म्हणतात. इथं तिसरी मीच होते. तयार केलेलं भाषण तसंच राहिलं. मी तुकडे गोळा केले आणि मशीनवर बसले.

हाताच्या टेकणावरचं कापड झिजून मऊ झालेलं, नखानं ओढलं तरी विरेल असं. त्याच्या उलट्या बाजूला पातळ अस्तर चिकटवलं, मूळच्या टाक्यांच्या भोकांतूनच सुई घातली. जिथं कापड फाटलंच होतं तिथं एक जोड द्यावा लागला, त्याला इलाज नव्हता. माझ्या पाठीमागे दोघं भाऊ चहा पीत फोमचा भाव काढत होते. "दादा, तो दुसरा दुकानदार बरा." "बघू या, उद्या दोघं जाऊ." किती गोड चाललं होतं. हेच ऐकायला मी कान पसरून बसले होते ना? मग आता ते ऐकून माझा जीव का जळत होता?

सकाळी म्हातारे नवरा-बायको आले. बाईंनी त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. त्यांनी पाठ टेकली, तळवे दोन्ही टेकणांवरून पुढे नेले. उजवं बोट जोडापाशी अडलं. एकदा मागे गेलं, परत तिथंच आलं.

"छान आहे ही," ते अगदी मनापासून म्हणाले. "आता आमची आणा."

दादा बोलायला लागला, स्प्रिंगा कशा उत्तम आहेत, वगैरे. धाकटा पुढे येऊन म्हणाला, "दादा सांगतोय ते बरोबर आहे." मी खाली वाकले आणि म्हाताऱ्यांना सांगितलं, "आजोबा, तुमचीच आहे. आमच्या हातून फाटली. मी शिवली, पण पहिल्यासारखी झाली नाही." मग माझा हात शोधून त्यांनी थोपटला आणि बायकोला म्हणाले, "चल. सवय होईल हळूहळू."

खुर्ची गाडीत चढवल्यावर दोघं भाऊ माझ्यावर उखडले. गिऱ्हाइकासमोर चूक कबूल करायची काय गरज होती? सांभाळून घेत होतो ना आम्ही? आम्ही! हॉटेलच्या बाकांची कव्हरं शिवून, घडी करून टेबलावर ठेवली. दुपार झाली तशी पर्स उचलली.

दोघं दुकानाच्या दारात उभे होते. खांद्याला खांदा लावून. वडील गेल्यापासून त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"कुठं निघालीस?" दादानं विचारलं.

"वर्गावर. हो सांगायला."

"कालचं कमी झालं का?"

"ताई, धंदा घरचा आहे," धाकटा म्हणाला. "घरच्यांनीच असं केलं तर कसं व्हायचं?"

"घरचेच आहात ना दोघं? मग बोला एकमेकांशी. सकाळी माझी कव्हरं शिवून होतील. दुपारी मी नाही. सरका."

मला वाटलं होतं, हलणार नाहीत. पण दादा एका बाजूला झाला, धाकटा दुसऱ्या. मी त्यांच्या मधून गेले. पायरी उतरले. चप्पल नीट घालायला वाकले तेव्हा मागून दादाचा आवाज आला.

"धाकट्या, तिला विचार, संध्याकाळी येणार आहे का."

"तूच विचार. आणि सांग तिला, दुकानाची किल्ली ठेवून जा म्हणावं."

"तू सांग. मी तिच्याशी बोलत नाही."

"मी तरी कुठं बोलतोय?"

मी खालच्या पायरीवर उभी होते. त्यांचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. दोघांपैकी कोणीतरी येऊन मला सांगेल म्हणून मी थोडा वेळ थांबले. मग निघाले.